कादर पेंटरचा दुसरा डोळा

भामरागडला पावसाळ्यात पुलावरून पाणी गेलं की आम्ही जगापासून तुटतो. रस्ता जातो, वीज जाते, टॉवर जातो. मग कधीतरी टॉवर परत येतो आणि साठलेले सगळे निरोप एकदम फोनमध्ये येऊन पडतात. अशाच एका दुपारी मी दवाखान्यात एका आजोबांच्या डोळ्यात औषध टाकत होते, तेव्हा माझा फोन टेबलावर थरथरायला लागला. कोणाचं बारसं, कोणाची बदली, आणि त्या सगळ्याच्या मधोमध जैतूनभाभीचा निरोप: "तेरे भाऊ चले गये." त्याच्याच वर तिचा जुना निरोप होता. तो भाऊंनी सांगून लिहून घेतलेला दिसत होता: "बी.एस्सी. ले सांग, यंदा मंडईले नाई आली तं बोलणार नाई."

मी औषध आजोबांच्या गालावर टाकलं. ते म्हणाले, "बाई, डोळा वर हाय."

कादरभाऊ म्हणजे सावली गावचे कादर पेंटर. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत धान घरात आलं की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. त्या नाटकांना अजूनही मागे रंगवलेले पडदे लागतात. दरबार, जंगल, रस्ता, देऊळ, तुरुंग. आसपासच्या कितीतरी कंपन्यांचे पडदे कादरभाऊंच्या हातचे. मांजरपाटाचं कापड, पावडरचे रंग, आणि रंग धरून ठेवायला उकळलेला सरस. मी सावलीला नोकरीला होते तेव्हा त्या सरसाचा वास आमच्या गल्लीला बाराही महिने यायचा. त्यांच्या घराची आणि माझ्या भाड्याच्या खोलीची भिंत एकच होती, त्यामुळे माझ्या कपड्यांनाही यायचा.

माझं नाव मंदा. हे त्यांना चांगलं माहीत होतं, पण त्या नावाने त्यांनी मला कधी हाक मारली नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बापाने धानाची बांधी नांगरली, आईने रोवणी केली, मी बी.एस्सी. केलं आणि वर डोळे तपासण्याचा डिप्लोमा केला. हे मी कुठेही सांगते, मग इथे का नको? कादरभाऊंनाही मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हापासून मी "बी.एस्सी." झाले. "ए बी.एस्सी., तुह्या नळाले पाणी आलं का?" "बी.एस्सी., तुही मांजर माह्या रंगात पाय बुडवून गेली, आता साऱ्या गावात हिरव्या पायानं फिरून राह्यली."

उंच, वाळका माणूस. सदऱ्यावर रंगांचे इतके डाग की मूळ रंग कोणता, हे त्यांच्या बायकोला, जैतूनभाभीलाही सांगता यायचं नाही. डोळ्यांवर कायम तपकिरी काचांचा चष्मा. उन्हात, सावलीत, घरात जेवतानासुद्धा. गल्लीतली पोरं म्हणायची, पेंटर स्वतःला हिरो समजतो. समजत होतेच. नम्रपणा त्यांच्या गावी नव्हता. दुसऱ्या पेंटरचा पडदा पाहिला की म्हणायचे, "झाडं काढली, पण झाडाच्या मागं हवा सोडली का? माणूस श्वास कुठून घेईन?" हवा सोडणे हा त्यांचा शब्द. लांबची झाडं निळसर, फिकी, बारकी. जवळची काळपट आणि मोठी. आणि दोघांच्या मधे काहीच न रंगवता ठेवलेली एक जागा, तिथे ब्रश नेताना ते स्वतःशीच पुटपुटायचे, "हवा सोड, हवा."

त्यांच्या काही तऱ्हा होत्या. साऱ्या गल्लीला त्या पाठ होत्या.

त्यांच्याकडे काही फेकायचं नाही. चावी असो, काडीपेटी असो, पेरू असो. फेकलं की ते हात पुढे करायचेच नाहीत, वस्तू अंगावर आपटून खाली पडायची आणि मग भडकायचे, "कुत्रा हाय का मी? हातात दे!" लोक म्हणायचे, मानी माणूस, फेकलेलं घेत नाही.

चहा ओतताना केटलीची चोच ते आधी ग्लासाच्या काठाला टेकवायचे. टिंग असा आवाज व्हायचा आणि मगच चहा पडायचा. खिळा ठोकताना आधी बोटाने खिळ्याचं डोकं चाचपायचे. सायकल होती, पण तिच्यावर बसलेलं त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. हँडलला रंगाचे डबे अडकवायचे आणि तिच्या बाजूने चालायचे. पानठेल्यावर कोणी ना कोणी विचारायचंच, "काऊन कादरभाऊ, सायकलले फिरवून राह्यले का सायकल तुमाले?" ते म्हणायचे, "तिले पायी चालायची हौस हाय, मी काय करू?"

आणि मान. समोरची कोणतीही वस्तू नीट पाहायची झाली की कोंबड्यासारखी मान या बाजूला, त्या बाजूला हलवायची. नाली ओलांडताना, पायरी उतरताना, भाजी घेताना. फक्त स्वतःच्या पडद्यासमोर मात्र मान अगदी स्थिर. तलावातल्या बगळ्यासारखे उभे राहायचे, बराच वेळ. तेव्हा कोणी बोललं तर उत्तर यायचं नाही.

एक किस्सा सांगते. एका कंपनीसाठी त्यांनी देवळाचा पडदा केला होता. खाली दगडी पायऱ्या, वर गाभारा, आत समई. एका गावात नाटक सुरू व्हायच्या आधी बायका स्टेजवर चढल्या, उदबत्ती लावली आणि एकीने पडद्यासमोर फळीवर नारळ फोडला. पाणी उडालं आणि खालच्या पायरीचा रंग ओघळला. दुसऱ्या दिवशी पडदा दुरुस्तीला आला. कंपनीचे मालक बळीरामभाऊ हसून हसून सांगत होते. एकेकाळी खलनायकाची कामं केलेला तगडा माणूस, हसला की भांडी वाजायची. कादरभाऊ मात्र चिडलेले. ब्रश बुडवता बुडवता म्हणाले, "फोडायचा तं वर जाऊन फोडायचा ना. पायऱ्या कायले काढल्या मी?"

आम्ही पोट धरून हसलो. आम्हाला वाटलं, विनोद केला.

मग सावलीच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर झालं. मी तपासायला होते. भाभीला जवळचं दिसत नव्हतं, म्हणून मीच तिला यायला लावलं होतं. ती बाकावर बसली आणि घाबरली. डोळा झाकू म्हटलं की म्हणायची, "मेरेको गुदगुली होती." सोबत आलेले कादरभाऊ वैतागले. "उठ. पाय, कसं करते ते." स्वतः बाकावर बसले, चष्मा न काढता डाव्या काचेवर हात ठेवला आणि तक्ता वरपासून खालपर्यंत घडाघडा वाचला. एवढंच नाही, तळाशी छापखान्याचं बारीक नाव होतं, तेही वाचून दाखवलं. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"आता दुसरा," मी म्हटलं आणि त्यांच्या उजव्या काचेसमोर झाकणी धरली. गंमत म्हणूनच.

त्यांनी तक्त्याकडे मान पुढे काढली. रांगेतून कोणीतरी म्हणालं, "काऊन भाऊ, बॅटरी उतरली का?" भाऊंचा हात वर आला, माझं मनगट धरायला. पण तो मनगटाच्या अलीकडेच बंद झाला, हवेत. पुन्हा उघडला, पुढे आला, आणि मग मनगट सापडलं. हळू आवाजात म्हणाले, "बी.एस्सी., हात काढ."

मी त्यांना आतल्या वर्गात नेलं, चष्मा काढला, टॉर्च मारला. डाव्या डोळ्याची बाहुली दुधासारखी पांढरी होती. पूर्ण पिकलेला मोतीबिंदू. तो पिकायला वर्षं लागली असणार. माझ्या हातातला टॉर्च खाली आला. डोळे हा माझा धंदा, या माणसाच्या भिंतीला भिंत लावून मी राहत होते, आणि ज्याच्या पडद्यातल्या खोलपणाची सारी झाडीपट्टी वाहवा करत होती तो पेंटर एकाच डोळ्याने जगत होता.

"सातवीत विटी लागली," ते म्हणाले. "घरी मार पडन म्हणून सांगतलं नाई. मंग मंग पांढरा झाला. उस्तादाच्या हाताखाली लागलो तवा चष्मा घेतला." आणि मग माझ्याकडे मान फिरवून, "भाईर बोलली तं पाय. काण्या पेंटरले कोण पडदा देते?"

भाभीला ठाऊक होतं. लग्नाच्या आठव्या दिवशीच कळलं होतं, पण तिनेही कुठे वाच्यता केली नव्हती.

मी पिच्छा सोडला नाही. ऑपरेशन करा म्हटलं. ते म्हणाले, एका डोळ्यानं काय बिघडलं? मी म्हटलं, नालीत किती वेळा पडलात? ते म्हणाले, नाली चुकीच्या जागी हाय. शेवटी भाभीने जेवण बंद करायची धमकी दिली, तेव्हा गडचिरोलीला गेलो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की जुना मार आहे, नजर किती येईल याची खात्री नाही, पण सोनोग्राफीत डोळ्याचा मागचा पडदा चांगला दिसतो. ऑपरेशन झालं. मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते, ते व्हायलाच पाहिजे होतं.

सुरुवातीला त्यांना दोन-दोन दिसायचं. चिडायचे, "एक बायको आवरत नाई, आता दोन दिसते." मग हळूहळू दोन्ही डोळे एकमेकांना धरायला लागले. आणि एका सकाळी अंगणातून असा आवाज आला की मी तोंडात ब्रश तसाच ठेवून बाहेर धावले.

कादरभाऊ कडुनिंबाखाली उभे होते. एक हात फांद्यांमध्ये घातलेला, खांद्यापर्यंत. हात बाहेर काढत होते, पुन्हा आत घालत होते.

"बी.एस्सी.! इथी जागा हाय! आतमंदी जागा हाय ना! हे पान इथी हाय अन् ते पान तिथी हाय, अन् मधात काईच नाई!"

मान हलत नव्हती. हे माझ्या लक्षात आलं. ते नुसते उभे राहून पाहत होते.

तो आठवडा गल्ली विसरणार नाही. ते नळाच्या धारेखाली बोट धरून बसायचे. दोरीवर वाळणारे कपडे पुढून, मागून पाहायचे. पोरांना म्हणायचे, "फेक रे काहीतरी!" पोरांनी लिंबं फेकली, त्यांनी झेलली, सुटली, पुन्हा झेलली. आणि एकदा भाभीसमोर पाटावर बसून तिच्याकडे एकटक पाहत म्हणाले, "जैतून, तुहं नाक इतलं समोर हाय? मी तं इतले साल चपटं समजत होतो." भाभीने हातातलं लाटणं दाखवलं. "अब ये भी दिखेगा, बराबर कितना दूर है."

मी त्यांना समजावून सांगितलं. नाकासमोर बोट धरा, एक डोळा मिटा, मग दुसरा. बोट मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतं. दोन्ही डोळे थोड्या वेगळ्या जागी आहेत, म्हणून दोघांना थोडं वेगळं दिसतं. कोर्टात दोन साक्षीदार वेगवेगळ्या कोपऱ्यात उभे असावेत तसं. मेंदू दोघांची साक्ष जुळवतो आणि त्या फरकावरून सांगतो, हे जवळ, ते लांब. एकच डोळा असला तर दुसरी साक्षच नाही. म्हणून मग माणूस मान हलवतो, म्हणजे तोच साक्षीदार जागा बदलून पुन्हा बोलतो. त्यांनी साऱ्या गल्लीला बोट नाचवायला लावलं. मी खूश होते. माझं शिक्षण माझ्या डोळ्यांसमोर कामाला आलं होतं.

कामाची शेड अंगणाच्या मागे होती. डॉक्टरांनी धूळ आणि रंग टाळायला सांगितलं होतं, म्हणून ते इतके दिवस तिकडे गेले नव्हते. गेले त्या दिवशी मी आणि भाभी सोबत होतो. आत जंगलाचा पडदा लटकलेला होता. त्यांचा सगळ्यात नावाजलेला. बळीरामभाऊंच्या कंपनीचा, रंग ताजा करायला आलेला. सागाची झाडं, मधून वाट, पार मागे निळी टेकडी.

कादरभाऊ त्याच्यासमोर उभे राहिले. बगळ्यासारखेच, स्थिर. मग एक पाऊल पुढे गेले. हात वर केला आणि निळ्या टेकडीवर बोट ठेवलं.

"जैतून, पडदा कोणी बदलला?"

"कोई नहीं बदला."

"माहा पडदा कुठी हाय?"

"यहीच तो है."

"हे तं कापड हाय." ते माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा मी तसा आधी कधी पाहिला नव्हता. घरी येऊन पाहावं तर घराच्या जागी नुसती भिंत, असा. "बी.एस्सी., हे कापड हाय ना. टेकडी अन् साग एकाच जागी हाय. चिपकून हाय. माह्या पडद्यात वाट होती. आत जात होती."

मी सांगायला लागले. सांगणं हाच माझा स्वभाव. म्हटलं, चित्रातलं झाड आणि चित्रातली टेकडी दोन्ही एकाच कापडावर. दोन्ही डोळे सारखीच साक्ष देतात, म्हणून मेंदूला कळतं की हे सपाट आहे. एक डोळा होता तोवर त्याला खोटं पाडणारं कोणी नव्हतं, म्हणून तुम्हाला ते खरोखर खोल दिसत होतं.

"म्हंजे माह्या घरात चुगलखोर आणून बसवला तू."

मी हसले. ते हसत नव्हते.

"एक सांग. तुमाले कापडच दिसत होतं? पयलेपासून?"

"कापड बी दिसत होतं, जंगल बी दिसत होतं," मी म्हटलं.

"बी नको लावू. कापड दिसत होतं का नाई?"

"होतं."

"तुले?" त्यांनी भाभीला विचारलं. भाभीने मान खाली घातली.

"मंग वाहवा कायची करत होते रे तुमी लोकं?"

तिथे उभ्या उभ्या मला तो नारळ आठवला. वर जाऊन फोडायचा ना, पायऱ्या कायले काढल्या मी. तो विनोद नव्हता. या माणसाला खरंच वाटत होतं की आपण पायऱ्या केल्या आहेत आणि त्या सगळ्यांना तशाच दिसतात. तो हवा सोडत होता ती त्याला दिसत होती. आणि आम्ही सगळे, टाळ्या वाजवणारे, एका चांगल्या चित्राला टाळ्या वाजवत होतो. दोघांनाही ठाऊक नव्हतं की समोरचा काय पाहतो. मी डोळ्यांवरचं एवढं शिकले, पण हे कुठल्याच तासाला कोणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी नव्या डोळ्यावर कापसाचा बोळा बांधून पाहिला. थोडा वेळ ब्रश धरला आणि ठेवला. म्हणाले, "दिसते. पण आता मालूम हाय ना." जेवण तुटलं, बोलणं तुटलं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी भाभीची किंकाळी ऐकू आली. शेडमध्ये गेले तर कादरभाऊ बालटी घेऊन उभे होते. जंगलाच्या पडद्यावर चुना. साग गेले, वाट गेली, वरच्या कोपऱ्यात टेकडीचा निळा तुकडा उरला होता तोही माझ्यासमोर एका फटकाऱ्यात गेला. ओल्या पांढऱ्या कापडावरून थेंब खाली टपकत होते. गल्लीतले लोक दारात जमले.

बळीरामभाऊ आले. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पडद्यापुढे आला आणि खाटेवर बसला. म्हणाला, "कादर, हे काय केलं बे? मंडई तोंडावर आली."

"फ्लेक्स आण. नागपूरले छापून भेटते."

"फ्लेक्सवर माह्या लोकायचं मन नाई लागत."

"कापड ते कापड. तुह्या लोकायले बी कापडच दिसते. मले आता समजलं."

"डोळा दुरुस्त केला का डोकं बिघडवलं तुहं?" बळीरामभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे तितकंच रोखून पाहिलं.

"अन् ऐक," कादरभाऊ म्हणाले. "रस्त्याचा पडदा तुह्या गाडीत हाय. तो बी पुसून टाकतो. माह्या नावाचं लबाड काम गावोगाव नको फिरवू."

बळीरामभाऊ निघून गेले. भाभी त्या दिवशी माझ्या खोलीत येऊन रडली. "पडदा पुसेगा तो पुसेगा, लेकिन फिर ये आदमी क्या करेगा? इसको दुसरा कुछ आताच नहीं." तिला भीती हीच होती आणि मलाही. ब्रश कायमचा सुटला तर कादरभाऊ नावाचं काही उरणार नाही.

मंडईच्या दिवशी, सावलीपासून जवळच्याच एका गावात, शामियाना लागला. कादरभाऊ दुपारीच निघाले. सायकलच्या हँडलला चुन्याची बालटी. भाभीने मला सोबत पाठवलं, "जा ना, कुछ कर लेगा तो."

स्टेजवर माणसं बांबू बांधत होती. रस्त्याचा पडदा नुकताच सोडला होता. कादरभाऊंनी तो पुसायला शिडी मागितली, पण ती दुसरीकडे लागलेली. "थांबा थोडं," कोणीतरी ओरडलं. पुढे पाहुण्यांसाठी सोफा मांडलेला, त्याच्यावर पांढरे टॉवेल. मागे खुर्च्या. त्यांच्या मागे मोकळी जमीन, आणि तिथे बायकांनी दुपारपासूनच पोत्यांच्या बोऱ्या अंथरून जागा धरलेल्या. उन्हापासून आडोसा तेवढा सगळ्यात मागे होता. कादरभाऊ तिथे जाऊन एका बोरीच्या कोपऱ्यावर टेकले आणि बालटी पुढ्यात ठेवली.

त्या बोरीवर एक म्हातारी राखण करत बसली होती. म्हणाली, "बोरीवर नको बसू बाबा, माह्या सुना येऊन राह्यल्या."

"आल्या की उठतो."

"मंग बालटी तरी हटव. माहा रस्ता झाकून राह्यली."

भाऊंनी बालटी सरकवली आणि सहज वर पाहिलं. मग पाहतच राहिले. उजवा डोळा झाकला. डावा झाकला. दोन्ही उघडले. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की त्यांनी स्वतःचा एकही पडदा इतक्या लांबून पाहिलेला नव्हता. अंधारात, गर्दीत, खाचखळग्यांच्या जमिनीवर पाय कुठे पडेल या भीतीने ते कधी नाटकालाच गेले नव्हते. शेडमध्ये तर चार पावलांच्या पलीकडे मागे सरकायला जागा नव्हती.

"बाई," त्यांनी विचारलं, "तुले काय दिसते तिथी?"

"रस्ता."

"कापड नाई दिसत?"

"कापडाचं काय पायतं? रस्ता हाय ना."

"कुठवर जाते तो?"

म्हातारी वैतागली. "मले काय मालूम? मी काय गेली त्याच्यावर?"

कादरभाऊ उठले. दोन्ही डोळे उघडे ठेवून स्टेजकडे चालत गेले. खुर्च्यांच्या मध्ये एका ठिकाणी थबकले. एक पाऊल पुढे, एक मागे. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. लोक हसायला लागले. मी धावत गेले आणि सांगायला लागले, की लांब गेलं की दोन्ही डोळ्यांच्या साक्षीत फरकच उरत नाही, जवळच्यासाठीच—

"चूप बस, बी.एस्सी. मले पाहू दे."

मग त्यांनी बालटी आणली. तिच्यातून चुन्याची धार सोडत शामियान्याच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत जमिनीवर रेघ ओढली. सोफा आणि अर्ध्या खुर्च्या रेघेच्या पुढे राहिल्या.

"याच्या समोर कोणी बसायचं नाई," ते ओरडले. "याच्या समोर पडदा मरते."

बळीरामभाऊ स्टेजवरून उडी मारून आले. "अबे, उद्घाटक येऊन राह्यले! सभापती येऊन राह्यले! त्यायले कुठी बसवू?"

"मांगं."

"सभापतीले मांगं?"

"पाहाचं असन तं मांगं. नाई तं घरी."

"अन् जंगल? जंगल कोण देणार मले, पुसून बसला तू?"

"देतो. पण आता रेघ पायली मी. आता मांगच्यायसाठी काढतो." कादरभाऊ सोफ्याच्या पाठीला हात घालत होते.

मला संध्याकाळपर्यंत कामासाठी गडचिरोलीला पोचायचं होतं, आणि माझी बस सुटायची होती. पुढच्याच महिन्यात माझी भामरागडला बदली झाली, आणि मग या हंगामात जाऊ, त्या हंगामात जाऊ, असं करत राहिले. जंगलाचा पडदा नवा झाला म्हणे, आधीपेक्षा मोठा, आणि झाडांच्या कडा इतक्या जाड की जवळून पाहावं तर पोराने काढल्यासारख्या. भाभीने फोनवर सांगितलं. मी तो पाहिलेला नाही.

मी पाहिलं ते एवढंच. बसच्या पायरीवरून मागे वळले तेव्हा सोफा जागचा हलू नये म्हणून बळीरामभाऊ स्वतः त्याच्यावर जाऊन बसले होते, दोन्ही हात फैलावून. आणि कादरभाऊ त्यांच्यासकट तो ओढत होते. बोऱ्यांवरच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. टॉवेल खाली पडले. सोफ्याचे मागचे पाय चुन्याच्या रेघेवरून गेले, मग थोडं थांबून पुढचे.